एका खेळाचे भाडे, वर्षाचा खुराक

कुंभकोणमहून तंजावरकडे निघाले की चारेक किलोमीटरवर दारासुरम लागते. तेथील ऐरावतेश्वराचे मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने उभारले आणि २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. या मंदिराच्या पुढच्या मंडपाला दगडी चाके आहेत आणि तो ओढून नेणारे दगडी घोडेही आहेत. कुंभकोणम शहरातल्या नागेश्वर मंदिरातही असाच रथाच्या आकाराचा मंडप आढळतो. शार्ङ्गपाणीचे तर गर्भगृहच रथासारखे घडवलेले आहे. कावेरीच्या या काठावर घोडा असा जागोजागी आहे. दगडात आहे, देवाच्या लाकडी वाहनांत आहे, गावाच्या वेशीवर अय्यनारच्या देवळापुढे मातीत भाजलेला आहे. जिवंत घोडा मात्र येथे नेहमीच दुर्मीळ राहिला आणि म्हणून तो नेहमीच भाड्याचा राहिला.

आजही तसेच आहे. लग्नाची वरात, पुढाऱ्याचे स्वागत, ऐतिहासिक नाटक, शाळेच्या शताब्दीची मिरवणूक, चित्रपटाचे चित्रीकरण अशा प्रसंगी संयोजकाला एक दिवस किंवा काही तास घोडा हवा असतो. ‘एका कार्यक्रमाला घोडा कितीला?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. हंगाम, अंतर, साजशृंगार आणि घासाघीस यांवर उत्तर ठरते. पण ठरलेला आकडा कितीही असो, तो क्वचितच घोड्याच्या खऱ्या खर्चाइतका असतो. तो त्या काही तासांचा मोबदला असतो. उरलेल्या दिवसांचा हिशेब कोणीतरी दुसराच भरत असतो. तो कोण, हा या लेखाचा विषय आहे.

या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. सेवेत असताना एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी महोत्सवाच्या खर्चाची फाईल माझ्याकडे मंजुरीसाठी आली होती. तीत मंडप, ध्वनिक्षेपक, खुर्च्या यांच्या खाली एक ओळ होती : ‘घोडे, नग दोन, एक दिवस.’ मी दर पाहिला, तीन दरपत्रके जोडली आहेत की नाही ते पाहिले आणि सर्वांत कमी दराच्या मालकाला काम दिल्याची खात्री करून सही केली. पुढे लेखापरीक्षणात त्या नोंदीवर आक्षेप आला, तोही एका दरपत्रकावर तारीख नसल्याचा. घोडे किती अंतरावरून आणले, ते उन्हात किती तास उभे होते, मोतद्दाराला जेवण मिळाले का, हे ना लेखापरीक्षकाने विचारले, ना मी. खुर्ची आणि घोडा यांत आमच्या नमुन्याला फरक करता येत नव्हता. सर्वांत कमी दर देणाऱ्याने तो दर कशातून कमी केला असेल, याचा विचार मी निवृत्तीनंतर करू लागलो.

हिशेब तसा अवघड नाही. साधारण चारशे किलो वजनाच्या घोड्याला रोज निदान आठ किलो कोरड्या चाऱ्याइतके खाद्य लागते आणि पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. कावेरीच्या दमट उष्म्यात पाण्याची गरज आणखी वाढते. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून नाल बदलावे लागतात. याखेरीज जंतनाशक, लसी, तबेल्याचे भाडे आणि त्याची निगा राखणाऱ्या माणसाचा पगार आहेच. तंजावरचा मुलूख भाताचा. येथे पेंढ्याचे डोंगर दिसतात. पण गाईगुरांचे भागते तसे घोड्याचे केवळ पेंढ्यावर भागत नाही. हरभरा, कोंडा आणि चांगले गवत विकतच आणावे लागते.

आता समजा, अशा घोड्याला वर्षातून चाळीस कार्यक्रम मिळाले. म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाच्या भाड्यातून नऊ दिवसांचा खुराक निघायला हवा. वीसच मिळाले, तर अठरा दिवसांचा. तमिळ पंचांगातील आडी आणि मार्गळी हे दोन महिने, म्हणजे ढोबळमानाने जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, लग्नसराई बंद असते. घोड्याच्या पोटाला पंचांग ठाऊक नसते. ग्राहक नऊ दिवसांचा खर्च द्यायला तयार नसेल, तर मालकापुढे तीनच वाटा उरतात : कर्ज काढणे, खुराक कमी करणे किंवा एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी घोडा पळवणे. स्वस्त घोडा या तीन वाटांपैकी एकीवरूनच आपल्यापर्यंत येतो.

तमिळ देशात घोड्याचा हिशेब नेहमीच इतका कोता नव्हता. तेराव्या शतकाच्या अखेरीस पांड्यांच्या राज्यात आलेला मार्को पोलो येथील राजे समुद्रमार्गे येणाऱ्या अरबी घोड्यांवर किती संपत्ती उधळतात, याचे नवल करतो. दरवर्षी हजारोंनी घोडे येतात आणि वर्ष सरताना त्यांतले थोडेच जिवंत राहतात, असे तो नोंदवतो. कारण त्याच्या मते सरळ होते : येथे घोड्याची निगा कोणाला ठाऊक नव्हती, नालबंद नव्हते आणि व्यापारी ते येऊ देत नव्हते, घोडा मेला म्हणजे पुढच्या वर्षी नवा विकता येतो. पोलोच्या सगळ्याच गोष्टी जशाच्या तशा स्वीकाराव्यात असे नाही. परंतु चौदाव्या शतकाच्या प्रारंभी लिहिणारा फारसी इतिहासकार वस्साफ याच व्यापाराचा करार सांगतो. इराणच्या आखातातील कैश बेटावरून दरवर्षी चौदाशे घोडे पाठवायचे, एका घोड्याची किंमत लाल सोन्याचे २२० दिनार आणि प्रवासात घोडा जखमी झाला किंवा दगावला, तरी त्याची किंमत राजाच्या खजिन्यातून चुकती करायची. या व्यवहाराचा पैसा मंदिरांच्या जमिनी आणि देणग्यांच्या उत्पन्नातून येत असे, असेही तो लिहितो.

या करारात निगेचा अभाव आहे, उधळपट्टी आहे, व्यापाऱ्याचा लोभ आहे. पण एक गोष्ट स्पष्ट आहे : जोखीम घोडा हवा असणाऱ्याची होती. ज्याला घोड्याची शोभा आणि सत्ता हवी, त्याने घोड्याच्या मरणाचाही खर्च सोसायचा. आजच्या तोंडी करारात नेमके उलटे आहे. शोभा संयोजकाची, जोखीम मालकाची आणि सोसणे घोड्याचे.

जोखमीच्या या प्रश्नाला मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेत दोन वेगवेगळी उत्तरे होती. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. म्हणजे शिलेदाराच्या मोबदल्यात घोड्याचे भाडेही धरलेले असे. त्याचा घोडा पडला की त्याची मिळकतही पडली. दुसरा घोडा घेण्याची ऐपत नसेल तर शिलेदाराचा बारगीर होणे त्याच्या नशिबी येई. शिवाजी महाराजांनी सरकारी पागेला अधिक महत्त्व दिले, हे सर्वज्ञात आहे. सभासदाच्या बखरीत त्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी व एक नालबंद अशी ती रचना होती. स्वारीच्या हिशेबातच पाणी आणि नाल आले होते. माझ्या फाईलमधील ‘घोडे, नग दोन’ या ओळीशी तुलना करता, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तो कारकून अधिक चांगला प्रशासक होता, असे म्हणावे लागेल.

हीच मराठी परंपरा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीच्या काठी आली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ साली शेवटच्या शिवाजीराजांच्या निधनानंतर कंपनी सरकारने राज्य खालसा करेपर्यंत भोसल्यांचे घराणे तेथे होते. सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांबरोबरच अश्वशास्त्र आणि गजशास्त्र यांवरील सचित्र पोथ्याही आहेत. घोड्याची लक्षणे आणि त्याचे आजार हे राजदरबाराच्या ज्ञानाचे विषय मानले जात.

राज्य गेले, पागा गेली. राहिला तो लाकडाचा घोडा. ‘पोय्क्काल कुदिरै आट्टम’ म्हणजे खोट्या पायांच्या घोड्याचा नाच हा तंजावर भागाचा ओळखीचा लोककलाप्रकार आहे. घोड्याच्या आकाराचा हलका सांगाडा, त्यावर रंगीत कापड आणि आरसे. मधल्या पोकळीत नर्तक उभा राहतो आणि सांगाडा कमरेशी बांधून घेतो. त्याच्या पायांना लाकडी पाय बांधलेले असतात आणि त्यांवर तोल सांभाळत नैयांडी मेळमच्या तालावर तो नाचतो. बहुधा राजा आणि राणी अशी जोडी असते. मराठेशाहीच्या आश्रयाने हा खेळ येथे रुजला, अशी परंपरा सांगते. राजस्थानातील कच्छी घोडी किंवा गोव्यात शिगम्याला होणारी घोडेमोडणी पाहिलेल्यांना त्याचे नाते लगेच कळेल. फरक इतकाच की येथे नर्तकाचे पाऊल जमिनीला लागत नाही.

जिवंत घोड्याला पर्याय म्हणून या घोड्याचे नाव हल्ली आग्रहाने घेतले जाते. त्यात तथ्य आहे. केरळातील काही मंदिरांनी २०२३ पासून यांत्रिक हत्ती स्वीकारले. मग मिरवणुकीत लाकडाचा घोडा का नसावा? घोड्याचा छळ टळेल आणि कलावंताला काम मिळेल. पण हा युक्तिवाद करणाऱ्यांनी कलावंताचा हिशेबही मांडून पाहावा. लाकडी घोड्याला हरभरा लागत नाही. त्याच्या आत उभ्या असलेल्या माणसाला जेवण लागते. लाकडी पायांवर नाचायला शिकण्यात वर्षे जातात. गुडघा आणि घोटा यांवर पडणारा ताण तरुणपणी जाणवत नाही, नंतर सोडत नाही. सांगाडा, कापड आणि आरसे दरवर्षी दुरुस्त करावे लागतात. आडी महिन्यात मारियम्मनच्या उत्सवांमुळे त्याला थोडे काम मिळते. पाऊस सुरू झाला की तेही थांबते. त्यालाही एका खेळाचे पैसे मिळतात आणि त्यालाही वर्षभर जगायचे असते. जिवंत घोड्याच्या जागी माणूस उभा केल्याने उधारी फिटत नाही. ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते.

बंदीचा अनुभवही हेच सांगतो. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला, तेव्हा गाडीवान आणि घोडे यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचेही सरकारला सांगितले. न्यायालयाला जे सुचले ते एरवी प्रशासनाला सुचत नाही, कारण घोडा कामावरून निघाला तरी त्याचे आयुष्य शिल्लक असते. तो पंचवीस वर्षे जगतो; मिरवणुकीत शोभून दिसतो ती वर्षे त्यातली निम्मीही नसतात.

कायदा आहे, पण तो दुबळा आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये दंड ठेवला गेला आणि रुपयाची किंमत घसरत गेली तरी दशकानुदशके तो तसाच राहिला. १९७८च्या नियमांनुसार घोड्याच्या वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. २००१च्या नियमांनुसार प्रदर्शनासाठी वापरायच्या प्राण्याची नोंदणी लागते. कागदावर हे पुरेसे वाटते. प्रत्यक्षात नोंदणीचा खर्च आणि खेपा मालकाच्या माथी येतात आणि ज्याने त्या टाळल्या तो स्वस्त दर देऊ शकतो. कमीत कमी दराचा आग्रह धरणारे सरकारच अशा रीतीने नियम पाळणाऱ्याला स्पर्धेतून बाहेर काढते.

मोठ्या निर्मितीतही चित्र वेगळे नाही. चोळांच्या इतिहासावरील एका भव्य तमिळ चित्रपटाच्या चित्रीकरणादरम्यान २०२१ साली हैदराबादजवळ एक घोडा दगावला. तो खासगी मालकाकडून आणलेला होता. तासन्‌तास काम करवून घेतल्याचा आरोप झाला आणि गुन्हाही नोंदवला गेला. ज्या कादंबरीवर तो चित्रपट बेतला होता, तिचा तरुण नायक घोड्यावरून चोळदेशात येतो आणि वाटेत कुडंदै म्हणजे आजच्या कुंभकोणमला ज्योतिषाच्या घरी थांबतो. कथेतील घोड्याला विश्रांती मिळते. पडद्यावरील घोड्याच्या विश्रांतीचे तास मात्र कोणत्याही भाडेकराराचे कलम नसतात.

मग करायचे काय? इतिहासात याचे एक साधे उत्तर आहे आणि ते ‘शिलेदार’ या शब्दाशीच जोडलेले आहे. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात याच नावाने ओळखली जाणारी घोडदळाची पद्धत होती. स्वाराने पलटणीत येताना घोड्यासाठी रक्कम भरायची आणि दरमहा पगारातून थोडी रक्कम ‘चंदा’ म्हणून सामाईक निधीत टाकायची. घोडा मेला तर नवा त्या निधीतून मिळे. एका शिलेदाराला जे नुकसान बुडवून टाकी, ते शेकडो जणांत वाटले गेले की सोसण्याजोगे होई. पहिल्या महायुद्धातील अतोनात हानीपुढे ही पद्धत टिकली नाही आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली. पण शांततेच्या काळासाठी ती शहाणपणाची होती, आणि वरात हे काही युद्ध नव्हे.

आजच्या परिस्थितीत याचा अर्थ तीन गोष्टी. एक, सरकारी खर्चाच्या नमुन्यात घोडा खुर्चीपासून वेगळा काढावा. भाडे, जाण्यायेण्याची वाहतूक, त्या दिवसाचा चारापाणी, मोतद्दाराची मजुरी आणि कामाच्या तासांची मर्यादा या नोंदी स्वतंत्र असाव्यात. दोन, प्राणी आणि कलावंत यांच्यासाठी सर्वांत कमी दराची अट काढून किमान दर ठरवावा. त्याहून कमी दर देणारा अपात्र समजावा. आपण बांधकाम मजुरासाठी किमान वेतन मानतो. येथेही तत्त्व तेच आहे. तीन, प्रत्येक सरकारी आणि देवस्थानी कार्यक्रमाच्या बिलातून ठरावीक टक्का चंदा म्हणून कापून तो घोडेमालक आणि लोककलावंत यांच्या निधीत जमा करावा. तमिळनाडूत लोककलावंतांचे कल्याण मंडळ २००७ पासून आहे. दक्षिण क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तर तंजावरातच आहे, जसे दक्षिण-मध्य क्षेत्राचे नागपुरात. नवी संस्था उभारण्याची गरज नाही. असलेल्या संस्थांच्या वहीत एक खाते वाढवायचे आहे.

यावर आक्षेप येईल की दर वाढले तर लोक घोडा सांगणारच नाहीत आणि गरीब मालकाचे उरलेसुरले कामही जाईल. आक्षेप खरा आहे. काही काम जाईलच. पण जे काम घोड्याच्या खुराकातून आणि मालकाच्या कर्जातून उभे राहते, ते टिकवणे म्हणजे गरिबाचे हित नव्हे. म्हणूनच बदलाची सुरुवात सरकारी आणि देवस्थानी कार्यक्रमांपासून व्हावी. सामान्य वधूपित्यावर नियमांचा बोजा टाकण्याआधी सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्यांनी योग्य दर देऊन बाजाराला वळण लावावे.

पैशापलीकडचीही एक वाट आपल्याकडे आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे चालणारे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. ते भाड्याचे नसतात, मानाचे असतात. ते अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात, रिंगणात काही क्षण धावतात आणि त्या काही क्षणांसाठी एक घराणे वर्षभर त्यांचा सांभाळ करते. सर्वांना हे शक्य नाही आणि सर्वत्र ते अपेक्षितही नाही. परंतु एका खेळामागे वर्ष उभे असते, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

२०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे आणि २०२८ साली कुंभकोणमचा महामहम. दोन्ही पर्वांचा आधार एकच, गुरूचे सिंह राशीत येणे. दोन्हीकडे मिरवणुका निघतील आणि दोन्हीकडे संयोजक घोडे शोधत फिरतील. १९९२च्या महामहममध्ये चेंगराचेंगरीत माणसे गेली, त्यानंतर गर्दीच्या नियोजनाचे धडे प्रशासनाने घेतले. घोड्यासाठी आणि घोड्याच्या सांगाड्यात नाचणाऱ्या माणसासाठी एखादी दुर्घटना होईपर्यंत थांबायची गरज नाही. या दोन पर्वांच्या खर्चाच्या फायली आत्ताच तयार होत आहेत. कोणत्या तरी टेबलावर ‘घोडे, नग’ ही ओळ टंकित होत असेल. सही करण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याने एवढेच विचारावे : दर पंचवीस घोड्यांमागे पखालजी आणि नालबंद कोठे लिहिले आहेत?